जुनी जावा घरात आहे: नवी करायची की आहे तशी जपायची?

जुनी मोटारसायकल दारात आली की पहिल्या आठवड्यातच घरचे, शेजारचे आणि मिस्त्री एकच सांगतात, "आता मस्त रिस्टोर करून टाक." सल्ला मनापासूनचा असतो, पण तो ऐकून गाडी थेट रंगाऱ्याकडे नेऊ नका. गाडी चालती करणं हे एक काम आहे आणि गाडी नवी दिसेल अशी करणं हे दुसरं. पहिलं लवकर करावं. दुसरं निदान एक पावसाळा उलटेपर्यंत करू नये. कारण इंजिन दहा वेळा खोलता येतं, पण कारखान्यात बसलेला रंग एकदा खरवडला की जगातला कुठलाही रंगारी तो परत देऊ शकत नाही.

मी इथे म्हैसूरच्या जावा-येझदीचं उदाहरण धरून सांगतो, कारण महाराष्ट्रात वडिलांची, काकांची, मामांची म्हणून जी जुनी गाडी गोठ्यात किंवा जिन्याखाली सापडते ती बऱ्याचदा हीच असते. रुस्तम आणि फारूख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीचा हा कारखाना. १९६१ साली तो सुरू झाला आणि १९९६ साली बंद पडला. आधी जावा, मग सत्तरच्या दशकात येझदी, १९७८ पासून रोडकिंग. बुलेट, राजदूत किंवा आरएक्स १०० असेल तरी पुढच्या पायऱ्या बहुतेक जशाच्या तशा लागू पडतील.

आधी कागद, मग पाना

कुठलाही नट सैल करण्याआधी आरसी बुक काढा. त्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळवा. जावाचा फ्रेम नंबर हँडलखाली फ्रेमच्या गळ्यापाशी असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या घरावर. वर तेल-मातीचा थर असेल तर रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश पुरे. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर तिथे चुकूनही लावू नका. नंबर दिसला की त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा आणि छाप काढून ठेवा. आरटीओत पासिंगच्या वेळी असाच छाप घेतात.

ही पायरी पहिली का, तर पुढे पावडर कोटिंगचा, म्हणजे रंगाची भुकटी फवारून भट्टीत भाजून घेण्याचा, मोह होतो. पावडर कोटिंगचा थर जाड बसतो आणि उथळ कोरलेले आकडे त्यात बुजतात. त्याआधी सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने जुना रंग उडवणं) झालं असेल तर कडाही झिजलेल्या असतात. मग आरटीओच्या खिडकीवर गाडी तुमचीच असल्याचं सिद्ध करत बसावं लागतं.

कायद्याची बाजूही आत्ताच समजून घ्या, कारण तिचा थेट संबंध रंगवायचं की जपायचं या प्रश्नाशी आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नूतनीकरणाला ५,००० रुपये. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, मात्र आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. या नोंदणीवर रोजचा वापर आणि धंद्याचा वापर चालत नाही. म्हणजे १९७८ ची रोडकिंग या व्याख्येत २०२८ मध्ये येईल. रोज ऑफिसला न्यायची असेल, तर नेहमीसारखं दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण, पर्यावरण कर आणि विमा हाच रस्ता बरा.

आणि एक लक्षात असू द्या: गाडीचा रंगही आरसीवर लिहिलेला असतो. मरून जावा काळी करून घेतली तर तो बदल आरटीओत नोंदवावा लागतो.

धुण्याआधी फोटो, धुताना संयम

धूळ बसलेलीच गाडी चारी बाजूंनी, वरून, खालून फोटोत घ्या. केबल कुठून कशी वळते, वायर कुठल्या क्लिपमध्ये आहे, कुठल्या बोल्टला सपाट वायसर आहे आणि कुठल्याला स्प्रिंगचं, हे सगळं. सहा महिन्यांनी ही माहिती सांगणारं दुसरं कोणी नसेल.

सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप नको. तो पापुद्रा धरलेला रंग उडवतो आणि बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. इंजिनावरच्या चिकट मळीला रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रश, रंगाला कोमट पाणी, सौम्य शाम्पू आणि मऊ सुती फडकं. सोनेरी रेघा आणि टाकीवरची चिन्हं यांच्यावर फडकं दाबून फिरवू नका, नुसतं टेकवून मळ उचला. रेघा हाताने ओढलेल्या आहेत, आणि पन्नास वर्षांनंतर त्यांची पकड नाजूक झालेली असते.

धुऊन झाल्यावर ओल्या रंगाकडे उजेडात नीट बघा. पाणी असताना रंग खोल, भरलेला दिसला आणि वाळल्यावर पांढुरका पडला, तर रंग जिवंत आहे, फक्त वरचा थर करपला आहे. असा रंग बराच परत येतो. ओलेपणीही तांबूस गंजच दिसत असेल, तर तिथे रंग उरलेला नाही.

मग तपास करा की हा रंग मूळचा आहे का. टाकी उतरवून तिच्या पोटाखाली, टूलबॉक्सच्या आत, सीटखाली बघा. तिथला रंग बाहेरच्यापेक्षा वेगळा असेल तर गाडी मधे कधीतरी रंगवली आहे. रबरांच्या कडांवर, वायरिंगवर रंगाचे शिंतोडे असतील तरी तेच. मडगार्डवर एक छोटं, कमी ताकदीचं लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे. कधीकधी नंतरच्या रंगाखाली मूळ मरून अजून टिकून असतो. नखाएवढ्या लपलेल्या जागी २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत हलकेच फिरवला की थर एकामागून एक उघडे पडतात. त्या जागेचा फोटो काढून ठेवा.

आता चालती करा

बरीच वर्षं उभी राहिलेली गाडी आणून थेट किक मारू नका. प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) सोडा, एक-दोन दिवस तसंच राहू द्या. मग वरचा गियर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे करा. पिस्टन हलला तर उत्तम. नाही हलला तर डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतून आणखी थांबा. हातोडी हा इथे उपाय नाही.

जावाच्या टू-स्ट्रोक इंजिनात उभ्या गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सुकलेली क्रँक सील. क्रँक म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनातला दांडा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना हवा-तेल अडवणारी रबरी कडी म्हणजे ही सील. यातलं कारण समजून घ्या, म्हणजे मिस्त्री काय म्हणतोय ते कळेल. डावीकडे क्लच आणि गियरबॉक्सचं तेल एकच असतं. तिकडची सील गेली की इंजिन ते तेल ओढून जाळतं, दोन्ही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो आणि गियर ऑइल कमी होत जातं. उजवीकडे डायनॅमो आहे. तिकडची सील गेली की इंजिन बाहेरची हवा ओढतं, पेट्रोलचं प्रमाण पातळ होतं, इंजिन तापतं आणि एखाद्या चढावर पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. धूर दिसतो म्हणून पहिल्या प्रकाराकडे लगेच लक्ष जातं. दुसरा गुपचूप नुकसान करतो. म्हणून गाडी चालू होत असली तरी दोन्ही सील बदलूनच रस्त्यावर आणा.

त्याच खेपेला करून घ्यायची कामं: टायर-ट्यूब, ब्रेक लायनर, सगळ्या केबल, पेट्रोलची नळी, चाकांचे बेअरिंग, पॉइंट-कंडेन्सर, कार्बोरेटरची सफाई. वायरचं आवरण तडकलं असेल तर वायरिंगही. या यादीत मूळपणाचा हट्ट धरायचा नाही. चाळीस वर्षांचं टायर जपण्यासारखं वाटलं तर उतरवून माळ्यावर ठेवा, त्यावर बसून घाटात जाऊ नका.

बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कातून घेणं, मात्र विचार करून. सिलिंडर एका मापाने मोठा केला की पुढच्या मापाचा पिस्टन लागतो, आणि अशी मापं मोजकीच आहेत. "इंजिन खोललंच आहे तर बोअर करून टाकू" असं म्हणणाऱ्याला आधी मायक्रोमीटरने माप घ्यायला सांगा. झीज मर्यादेत असेल तर पिस्टनच्या नव्या रिंगा पुरतात.

टाकीच्या आतला गंज व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाच्या पाण्याने निघतो. बाहेरच्या रंगावर थेंब पडू नये म्हणून झाकणाभोवती जाड ग्रीस लावून प्लास्टिक बांधा. रिकामी केल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि लगेच ऑइल मिसळलेलं पेट्रोल भरा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस थर दिसू लागतो. सुरुवातीला लिटरला ४० मिलि ऑइल. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा.

आता गाडी चालवा. पावसाळा उलटेपर्यंत, जमेल तितकी. ती कशी चालते, कुठे खडखडते, तुम्हाला आवडते का, हे कळल्याशिवाय रंगाचा निर्णय घेण्यात अर्थ नाही.

निर्णय अख्ख्या गाडीचा नसतो

नवखे लोक इथे अडकतात. त्यांना वाटतं, एकतर सगळी गाडी जपायची, नाहीतर सगळी नवी करायची. प्रत्यक्षात निर्णय एकेका भागाचा असतो. एक वही घ्या आणि भागागणिक लिहा: टाकी, पुढचं मडगार्ड, मागचं मडगार्ड, चेन कव्हर, हेडलाइटचं घर, सीट, रिमा, सायलेन्सर. प्रत्येकापुढे तीनच प्रश्न. हा मूळचा आहे का? तो आपलं काम करतोय का? आणि आहे तसा ठेवला तर तो आणखी बिघडत जाणार आहे का?

मूळचा आहे, काम करतोय आणि गंज थांबवता येतो, तर हात लावायचा नाही. मूळचा आहे पण मोडलाय, तर तोच दुरुस्त करायचा: मडगार्डची चीर वेल्डिंगने सांधा, तेवढ्याच जागी रंग लावा. हरवलाय, तर नव्या डुप्लिकेटपेक्षा त्याच काळातला जुना भाग शोधा, झिजका असला तरी. पुण्यात नाना पेठेत आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, कोल्हापुरात उद्यमनगरच्या आसपास चौकशी केलीत तर बऱ्याच गोष्टी मिळतात किंवा करून मिळतात. २०१८ मध्ये जावा नाव पुन्हा बाजारात आलं, पण त्या फोर-स्ट्रोक गाड्यांचे भाग आपल्या गाडीला बसत नाहीत.

ही फक्त हौशी मंडळींची आवडनिवड आहे असं समजू नका. जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' हिने २०१३ मध्ये ट्युरिन सनद प्रसिद्ध केली. तिचं सूत्र असं की जतनाला पहिला मान, नव्याने घडवणं शेवटी, आणि जे काही कराल त्याची नोंद ठेवा, शक्यतो मागे फिरवता येईल असं करा. जुन्या मंदिराच्या किंवा वाड्याच्या जीर्णोद्धारात जो वाद आपण ऐकतो, तोच हा.

टाकीचं उदाहरण जवळून बघा. जावाच्या टाकीला दोन्ही बाजूंना क्रोम, मधे मरून रंग, सीमेवर सोनेरी रेघ, गुडघ्यांपाशी रबरी पॅड. पॅडच्या वरच्या कडेला रंग झिजून पत्रा दिसतो, कारण तिथे चालवणाऱ्याची पँट घासत आली. झाकणाभोवती पेट्रोल सांडून रंग फिका झालेला असतो. क्रोमवर मिरीएवढे गंजाचे ठिपके. ही टाकी नव्याने क्रोम करायची तर जुना क्रोम आणि निकेल उतरवून पत्रा बफवर, म्हणजे घासून चमकवणाऱ्या फिरत्या चाकावर, धरावा लागतो. बफिंग पातळ पत्रा आणखी पातळ करतं, कडा गोल करतं, आणि क्रोमच्या टाकीत बुडताना आतला पत्राही अ‍ॅसिड खातो. त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून ठिपक्यांवर गोल फिरवा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा पडत नाही आणि गंज करड्या पाण्यासारखा सुटून येतो. खड्डे राहतात, ते राहू द्या. वर मेणाचा पातळ हात द्या.

रंगावरही तसंच. आधी नुसतं चांगलं मेण लावून बघा. रबिंग कंपाउंड म्हणजे बारीक पॉलिश पेपरच, प्रत्येक वेळी थोडा रंग नेतो. फडक्यावर मरून उतरायला लागला की थांबा. उघड्या पत्र्यावर गंज असेल तर सैल पापुद्रा काढून त्यावरही मेण, दर दोन-तीन महिन्यांनी. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहत असाल तर दर महिन्याला, कारण खारी हवा उघडा पत्रा सोडत नाही. तिथे मडगार्डच्या आतून आणि चेन कव्हरच्या पोटात गंजरोधक मारणं मला योग्य वाटतं, कारण ते दिसत नाही आणि गाडी वाचवतं.

कधी बिनधास्त रंगवावी

जपायचा हट्ट आंधळा नको. काही गाड्यांना नव्याने घडवणं हाच न्याय आहे. मडगार्ड गंजून बोट आरपार जात असेल, फ्रेमला तडा असेल, कोणी हँडल-सीट कापून चॉपर केली असेल, तीनदा ब्रशने रंगवलेली असेल आणि खाली मूळ काही उरलं नसेल, किंवा गाडी दोन पोत्यांत भरून आली असेल, तर जपायला तिथे उरलंय काय? मन लावून रिस्टोर करा आणि तसं सांगा.

वडिलांच्या गाडीचं थोडं वेगळं आहे. १९८५ साली वडिलांनी स्वतः हौसेने निळी करून घेतली असेल आणि तुम्ही लहानपणी त्याच निळ्या टाकीवर बसून शाळेत गेला असाल, तर कारखान्याचा मरून रंग तुमच्यासाठी खरा आणि निळा खोटा, असं मी म्हणणार नाही. तो निळा रंगसुद्धा या गाडीच्या आयुष्यात घडलेला आहे. आईला, आत्याला, भावंडांना विचारा. त्यांना आठवते ती गाडी कुठली, यालाही वजन आहे.

रंगवायचं ठरलं तर रंग कॅटलॉगमधून निवडू नका. टाकीच्या पोटाखाली किंवा क्लॅम्पच्या आत ऊन न लागलेला तुकडा सापडतो, त्यावरून जुळवा. आजचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग काचेसारखा चमकतो. रंगाऱ्याला चमक उतरवायला सांगा आणि आधी एका पत्र्यावर नमुना मागा. रेघांसाठी स्टिकर नको. पाट्या रंगवणारा जुना पेंटर गाठा, लांब केसांच्या ब्रशने तो ती रेघ एका दमात ओढतो. नट-बोल्ट जुनेच झिंक प्लेटिंग करून वापरा. स्टेनलेसचे अ‍ॅलन बोल्ट टिकतात खरे, पण त्या काळच्या गाडीवर ते लांबूनही उपरे दिसतात.

मिस्त्रीशी बोलताना

चांगला मिस्त्री ओळखायला एक सोपा प्रश्न आहे. जुन्या जावाला किक आणि गियर एकाच दांड्यावर असतात, आणि त्या दांड्याने गियर टाकताना क्लच आपोआप सुटतो. ती जुळणी कशी करायची ते विचारा. ज्याला माहीत आहे तो हात धुऊन दाखवायला येतो. ज्याला नाही तो विषय बदलतो.

"साहेब, फ्रेम, मडगार्ड सगळं पावडर कोटिंग, इंजिन बफ, एकदम शोरूम पीस करून देतो," असं कोणी म्हणालं तर रागावू नका, बहुतेक गिऱ्हाइकं तेच मागतात. शांतपणे सांगा, "मिस्त्री, इंजिन तुमच्या मनासारखं करा. बाहेरून मात्र मला विचारल्याशिवाय काही घासायचं नाही, काही रंगवायचं नाही." मग काय करायचं आणि काय नाही, हे दोघांच्या सहीने कागदावर उतरवा. इंजिनाचे कव्हर बफिंगला जाऊ देऊ नका, त्यावरची उठावाची अक्षरं बफवर पुसट होतात. आणि काढलेला प्रत्येक भाग, तुटका का होईना, पोत्यात भरून परत मागा. जुनं सहा व्होल्टचं साहित्य काढून बारा व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायला माझी हरकत नाही, शहराच्या रहदारीत ते सोयीचं पडतं. पण त्यासाठी फ्रेमला किंवा क्रँककेसला नवं भोक पाडायचं नाही, आणि जुना डायनॅमो, कॉइल, पॉइंटची प्लेट नावाची चिठ्ठी बांधून घरी आणायची.

पैशाच्या बाबतीत इतकंच की क्रँक आणि क्रोम ही दोन बिलं सगळ्यात जास्त फुगतात. क्रँकचा खर्च टळत नाही. क्रोमचा बऱ्याचदा टळतो. तो वाचलेला पैसा क्रँक नीट जोडून, सरळ करून देणाऱ्या कारागिरावर घाला.

ठेवायची कशी

प्लास्टिकचं कव्हर नको, आत वाफ धरते आणि एका पावसाळ्यात क्रोम खाते. जुनी सुती चादर बरी, आणि खोली हवेशीर. गाडी मधल्या स्टँडवर, चाकांखाली लाकडी फळी. पंधरा दिवसांतून एकदा नुसती चालू करून बंद करू नका, त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. दहा-पंधरा किलोमीटर नीट तापवून फिरवा. परत येताना घर अर्धा किलोमीटर असताना पेट्रोलचा कॉक बंद करा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा करूनच गाडी दारात थांबेल.